बहुमत असूनही तडजोड का?

अमेरिकेतील आरोग्यविमा सुधारणेतून 'पब्लिक ऑप्शन' (सरकारी विम्याचा पर्याय) वगळला गेला, तेव्हा अनेक उदारमतवादी मतदार तत्कालीन अध्यक्ष ओबामांवर नाराज झाले. बहुमत असून माघार का, असा त्यांचा प्रश्न होता. मात्र शंभर जणांच्या सेनेटमध्ये साधे बहुमत सहसा पुरत नाही. 'फिलिबस्टर' (चर्चा लांबवून विधेयक अडवणे) मोडायला ६० मते लागतात. ओबामांच्या डेमोक्रॅटिक गटाकडे तेव्हा नेमकी तेवढीच होती. शेअर रिक्षा भरल्याशिवाय निघत नसेल, तर शेवटच्या प्रवाशाला भाव येतो; तसा भाव या गटासोबत असलेले अपक्ष सेनेटर जो लीबरमन यांना आला. त्यांचा विरोध असलेला पर्याय वगळल्यावर २४ डिसेंबर २००९ रोजी विधेयक सेनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले. तडजोडीवर टीका जरूर व्हावी. पण नेत्याच्या इच्छाशक्तीबरोबर मतांचे गणितही तपासावे.