पंचवटीने परळला

सातपूर ही नाशिकची कामगारवस्ती. १९६०च्या दशकात त्र्यंबक रस्त्याला लागून औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. पुढे मायको, सिएट, महिंद्रा आणि शेकडो लहान कारखान्यांनी खानदेशातून, नगरकडून, मराठवाड्यातून माणसं ओढून आणली. सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर या वस्त्या त्यांनीच भरल्या. सख्खे नातलग गावाकडे आणि शेजारी भिंतीला भिंत लावून, अशी इथली घरं. त्यामुळे घरात मोठं आजारपण आलं की पहिला फोन बहुतेक वेळा शेजारच्या मशीनवर उभ्या राहणाऱ्या सोबत्याला जातो.

रक्ताचा कर्करोग अशा घरात गाजावाजा न करता शिरतो. ताप उतरत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, कुठेही न आपटता अंगावर निळे डाग उठतात. साध्या रक्ततपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशी लाखाच्या पुढे गेलेल्या असतात आणि प्लेटलेट दहा-पंधरा हजारांवर आलेल्या. मग बोन मॅरोची तपासणी होते. डॉक्टर निदान सांगतात तेव्हा पेशंट बऱ्याचदा खोलीबाहेर बाकावर असतो आणि आत नवरा किंवा बायको एकटी. त्या क्षणापासून जोडीदाराचं आयुष्य बदलतं. महाराष्ट्रातल्या ल्युकेमियाच्या उपचारांचा इतिहास पाहिला तर त्याची सुरुवातसुद्धा एका जोडीदाराच्या दुःखापासून झालेली दिसते.

दोराबजी टाटा आणि मेहेरबाई भाभा यांचं लग्न १८९८ साली झालं. मेहेरबाई टेनिस उत्तम खेळत, तेही साडी नेसून. बालविवाहाविरुद्ध त्या बोलत राहिल्या आणि स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या कामात पुढे होत्या. त्यांना ल्युकेमिया झाला आणि १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये उपचार सुरू असताना त्या गेल्या. वय अवघं ५१. दोराबजींकडे त्या काळी मिळेल ते सगळं होतं. पत्नीसाठी त्यांनी घेतलेला ज्युबिली हिरा २४५ कॅरेटचा होता. पण १९३१ साली या आजारावर औषध नव्हतंच, त्यामुळे पैशाने विकत घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षभरात दोराबजींनी जे केलं, त्यासाठी त्यांची आठवण ठेवायला हवी. एप्रिल १९३२मध्ये त्यांनी पत्नीच्या नावे लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्याच्या उत्पन्नातले चार हिस्से जगभरातल्या ल्युकेमिया-संशोधनासाठी आणि एक हिस्सा भारतातल्या कामासाठी राखून ठेवला. आपली उरलेली संपत्तीही त्यांनी दुसऱ्या विश्वस्त निधीत घातली. ३ जून १९३२ रोजी, पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला इंग्लंडकडे जाताना, जर्मनीत त्यांचं निधन झालं. मेहेरबाईंना जाऊन वर्षही पुरं व्हायचं होतं. तो हिरा नंतर विकला गेला आणि पैसा विश्वस्त निधीत जमा झाला. त्याच निधीतून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचं उद्घाटन झालं.

परळमध्येच, टाटा रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हाफकिन संस्था आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ पासून या संस्थेत मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगाचा अभ्यास करत होती. यीस्टच्या अर्काने या बायकांचं रक्त भरून येतं, हे तिने १९३१ साली, म्हणजे मेहेरबाई गेल्या त्याच वर्षी प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. या आम्लाचं काम अडवलं तर वेड्यासारख्या वाढणाऱ्या पेशीही अडतील, हा विचार त्यातूनच पुढे आला. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तसं औषध तयार केलं आणि बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. १९४८ साली त्यांनी १६ मुलांचे अनुभव छापले. त्यातल्या १० मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटला होता. आज सातपूरच्या घरात फ्रीजवर चिकटवलेल्या वेळापत्रकात मेथोट्रेक्सेट हे नाव असतं, ते याच कुळातलं औषध. परळच्या गिरणीतल्या त्या अनाम बायकांचा या औषधावर हक्क आहे, असं म्हटलं तर चुकीचं ठरू नये.

औषध आलं तसा उपचारांचा काळ लांबला आणि सोबत करणाऱ्याचं काम वाढलं. तीव्र ल्युकेमियाच्या काही प्रकारांत दोन-अडीच वर्षं उपचार चालतात. नाशिकहून परळला जायचं म्हणजे पहाटे सातपूरहून निघून नाशिकरोड गाठायचं आणि पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरायचं. १९७५ साली सुरू झालेली ही गाडी पासवाल्या नोकरदारांची म्हणून ओळखली जाते. पण मांडीवर फायलींची पिशवी घेतलेली, तोंडाला मास्क बांधलेली जोडपीही तिने वर्षानुवर्षं पाहिली आहेत. राज्य सरकारची जनआरोग्य योजना २०१३ साली राज्यभर लागू झाली. आज नाशिकमध्येही कर्करोगाची रुग्णालयं आहेत, शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे आणि बऱ्याच केमो घरापासून तासाभराच्या आत होतात. तरी प्रत्यारोपणासारख्या गोष्टींसाठी टाटाचं परळ आणि खारघर सुटलेलं नाही.

मुंबईत डोकं टेकायला जागा लागते. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे टाटाच्या पेशंटांना आणि सोबत्यांना अगदी नाममात्र पैशांत राहता येतं. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. देवाला जाणाऱ्याची सोय करता करता तेच काम दवाखान्यात जाणाऱ्याच्या सोयीपर्यंत पोहोचलं. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, तेही १९६८ पासूनच्या कामातून वाढलं. या इमारतींच्या जिन्यांत नवीन आलेल्या बाईला जुनी बाई सांगते: कोणत्या खिडकीवर कधी नंबर लावायचा, केमोनंतर तोंड आलं तर काय भरवायचं, फाइलची झेरॉक्स कुठे स्वस्त मिळते. पेशंटचा नवरा किंवा बायको इथेच पहिल्यांदा मोकळेपणी रडते, कारण समोरच्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

२० मार्च १९८३ रोजी टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. लहानपणीच्या पोलिओमुळे डॉ. अडवाणी स्वतः चाकाच्या खुर्चीतून काम करत आले आहेत. प्रत्यारोपण आल्यावर नवरा-बायकोंच्या वाट्याला एक अवघड गोष्ट आली. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. आईवडिलांची किंवा मुलांची निम्मी जुळते. नवऱ्याची बायकोशी मात्र सहसा जुळत नाही. वीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस या एका बाबतीत परका ठरतो, आणि भाऊबंदकीत ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या दिराला किंवा मेहुण्याला फोन करायची वेळ येते. तो फोन जोडीदारालाच करावा लागतो. कित्येक घरांतले जुने अबोले असे सुटले आहेत. काही सुटलेही नाहीत.

रक्ताचा हिशेब मात्र उलटा आहे. प्रत्यारोपण होण्याची शक्यता असेल तर पेशंटला जवळच्या नातलगांचं रक्त देणं डॉक्टर टाळतात. आधीच त्या पेशींची ओळख झाली तर शरीर पुढे मज्जा नाकारू शकतं. म्हणजे इथे परक्याचंच रक्त हवं. प्लेटलेट तर पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत आणि तेवढा काळही त्या सतत हलत्या ठेवाव्या लागतात. त्यामुळे एकदाच मोठं शिबिर घेऊन भागत नाही. आज एक माणूस, परवा दुसरा, पुढच्या सोमवारी तिसरा, अशी रांग लागते. मशीनवर एकाच दात्याच्या प्लेटलेट काढायला तास-दीड तास जातो. जनकल्याण किंवा अर्पण रक्तपेढीत रात्रपाळी संपवून थेट येऊन खुर्चीत बसणारा कारखान्यातला सोबती या साखळीतला खरा आधार असतो. सातपूरसारख्या वस्तीत एका विभागात तीस-चाळीस माणसं असतात, आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रक्तगटांची यादी तयार व्हायला एक संध्याकाळ पुरते. वस्तीचा आधार म्हणतात त्याला वैद्यकीय अर्थ आहे, तो हा.

श्रद्धेचं काय? सातपूर त्र्यंबकच्या वाटेवर आहे. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या याच रस्त्याने पुढे जातात. वस्तीत भजनी मंडळं आहेत, स्वामी समर्थांची केंद्रं आहेत, बुद्धविहारं, चर्च आणि मशिदी आहेत. घरात कर्करोग आला की बायको वणीच्या गडाला नवस बोलते, नवरा एकादशी धरतो, कुणी पारायणाला बसतं. यातून बळ मिळतं, हे जवळून पाहिलेला कुणीही नाकारणार नाही. रात्री दोन वाजता पेशंटचा ताप १०१ झालेला असताना आणि सकाळच्या रिपोर्टपर्यंत हातात काहीच नसताना हरिपाठ तोंडपाठ असणं ही फार मोठी गोष्ट असते.

पण केमोनंतर पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात प्रेमाचा पूर येतो. कुणी कुशावर्ताचं तीर्थ आणतं, कुणी अंगारा, कुणी हार, कुणी चिरलेली फळं. पन्नास माणसं भेटून जातात. यातलं प्रत्येक जंतुसंसर्गाचं दार होऊ शकतं. मग नको म्हणायचं काम जोडीदारावर येतं आणि ते सासरच्या थोरल्यांसमोर, गुरुबंधूंसमोर करावं लागतं. जिथे ही गोष्ट नीट समजावली जाते, तिथे सुंदर बदल होतात. भजन घरात न होता मंदिरात होतं आणि फोन स्पीकरवर ठेवून पेशंट ऐकतो. तीर्थ देव्हाऱ्यात राहतं. प्रसादाऐवजी घरी शिजवलेल्या गरम वरणभाताचा डबा दाराशी ठेवला जातो आणि बेल वाजवून माणूस निघून जातो. काही मंडळं उपासाचे पैसे बाजूला काढून पेशंटच्या गाडीभाड्याला देतात. अशा श्रद्धेला कमी लेखण्याचं कारण डॉक्टरांनाही उरत नाही. औषध थांबवा, फक्त नामस्मरण करा, असं सांगणारे मात्र कुठल्याही पंथाचे असोत, त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवावं लागतं. बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसांचे त्यात बळी गेले आहेत.

नवरा-बायकोची श्रद्धा एकसारखी असावी लागते असंही नाही. बाबा आमटे यांना २००७ साली ल्युकेमियाचं निदान झालं, तेव्हा ते नव्वदीच्या पुढे होते. कर्मकांडापासून ते आयुष्यभर लांब राहिले. साधनाताईंची पूजाअर्चा मात्र आनंदवनातल्या सगळ्या धकाधकीत सुटली नाही. १९४६ साली सुरू झालेला हा संसार दोघांनी असाच केला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबा गेले, तोपर्यंत ताईंची साथ होती आणि भोवती त्यांनीच उभं केलेलं कुष्ठमुक्तांचं गाव होतं.

जुनाट ल्युकेमियाच्या एका प्रकारात, सीएमएलमध्ये, २००१ नंतर चित्र पालटलं. इमॅटिनिब ही रोज घ्यायची गोळी आली आणि पेशंट कामावर परतू लागले. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा दहा हजारांच्या आसपास. पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पेशंटांच्या बाजूने उभी होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी कंपनीचा दावा फेटाळला. दरम्यान मोफत गोळ्या मिळणाऱ्या पेशंटांचा आणि घरच्यांचा ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा गट मुंबईतून वाढला. त्याच्या बैठकांत गोळी चुकू नये म्हणून काय करायचं, हे एकमेकांच्या बायका आणि नवरेच एकमेकांना शिकवतात. ऑक्टोबर २०२३मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या संशोधनातून आलेल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. पेशंटच्याच पेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला पाठवणारा हा उपचार परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, तरी तिसेक लाखांचा आकडा सातपूरच्या पगाराला झेपत नाही.

पगाराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. कामगार विमा योजनेचं रुग्णालय सातपूरलाच आहे. विमाधारक कामगाराला स्वतःला कर्करोग झाला तर दीर्घ आजाराचा लाभ म्हणून पगाराच्या ८० टक्के रक्कम जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्याच्या बायकोला झाला तर तिच्या उपचारांची सोय योजनेत आहे. पण तिच्या उशाशी बसण्यासाठी, परळच्या फेऱ्यांसाठी त्याचे जे खाडे पडतात, त्यांची भरपाई कुठेच नाही. सुट्ट्या संपतात, मग बिनपगारी दिवस सुरू होतात, आणि कंत्राटी कामगाराला तर थेट घरीच बसावं लागतं. आजवर ही खिंड सोबत्यांनी लढवली आहे: कुणी आपली पाळी बदलून देतो, कुणी ओव्हरटाइमचे पैसे एका पाकिटात घालतो, बायकांचा बचत गट हप्ता पुढे ढकलतो. पण दोन वर्षं चालणाऱ्या आजाराचा भार अशा चांगुलपणावर सोडून देणं योग्य नाही. काळजी घेणाऱ्या जोडीदारासाठी काही आठवड्यांची भरपगारी रजा विमा योजनेत आणता येईल. कामगार संघटनांनी ही मागणी बोनसच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरायला हवी, आणि त्याची सुरुवात सातपूरसारख्या वसाहतीतून व्हायला हरकत नाही.