रोजची भाकर आणि आपले ताट

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण दररोज पित्याकडे भाकर मागतो. ग्रीक शुभवर्तमानातील तो शब्द मराठीत आणताना आपल्या पूर्वसूरींनी पाव किंवा पोळी हा शब्द घेतला नाही, कष्टकऱ्यांच्या घरातील भाकर घेतली. मात्र आज वाळूज परिसरातील आपल्या अनेक घरांत ही प्रार्थना भक्तिभावाने म्हटली जाते आणि भाकरी थापणारे हात मात्र घरात उरलेले नसतात. 'हल्लीच्या मुलींना स्वयंपाक येत नाही', 'तरुणांना बाहेरचेच आवडते' असे म्हणून आपण मोकळे होतो. दोष देणे सोपे आहे, कारण समजून घेणे थोडे अवघड. प्रौढ माणूस काय खातो, काय शिजवू शकतो आणि कोणत्या सवयींना चिकटून राहतो, हे नेमके कशाने ठरते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

चव कोठून येते?

चवीची शाळा माणसाच्या जन्माआधीच सुरू होते. ज्युली मेनेला या अमेरिकन संशोधिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मातांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, तर काहींनी अंगावर पाजण्याच्या काळात गाजराचा रस नियमित घेतला. पुढे त्यांच्या बाळांना गाजराच्या चवीची पेज दिली तेव्हा, ज्यांना ही चव पूर्वी मिळालीच नव्हती अशा बाळांच्या तुलनेत, त्यांनी ती अधिक सहजपणे स्वीकारली. आईच्या ताटातील चव गर्भजलातून व दुधातून लेकरापर्यंत पोहोचते. पुढे तोच पदार्थ पुन्हा पुन्हा समोर आला की तो आपला वाटू लागतो.

म्हणूनच मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला गेलेला माणूस वर्षानुवर्षांनंतरही येसूर घातलेली आमटी, ठेचा आणि ज्वारीची भाकरी यांची आठवण काढतो. मात्र घरात एखादा पदार्थ शिजणेच थांबले, तर पुढच्या पिढीला तो केवळ नावाने ठाऊक राहतो. आवड ही अशी वारशाने येते, आणि वारसा खंडित होण्यास एक पिढी पुरते.

शेत, दुष्काळ आणि शिधापत्रिका

चवीच्या मागे शेत असते. गंगापूर, वैजापूर, पैठण या तालुक्यांतील जुन्या पिढीचे अन्न म्हणजे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, करडईचे तेल आणि रानातील भाजी. शेतात पिकेल ते ताटात येई. आज याच शेतांत कपाशी, मका, सोयाबीन ही विकण्याची पिके मोठ्या प्रमाणावर आहेत. शेतकऱ्याच्या घरीही धान्य आता दुकानातून येते.

१९७२ च्या दुष्काळाने हा बदल अनेकांना प्रथम दाखविला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत होती. त्या काळात वाटली गेलेली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आजही वृद्धांच्या बोलण्यात येते. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी माणसांनी ती खाल्ली. निवड करण्यासाठी आधी पर्याय असावा लागतो, हे त्या दिवसांनी शिकविले.

पुढे स्वस्त धान्य दुकानांतून गहू आणि तांदूळ घराघरांत पोहोचला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळू लागले आणि १ जानेवारी २०२४ पासून ही योजना आणखी पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली. या आधाराने कितीतरी चुली पेटत्या राहिल्या आहेत, याबद्दल कृतज्ञता बाळगलीच पाहिजे. परंतु त्याचा एक परिणामही ध्यानात घ्यावा. गहू-तांदूळ फुकट आणि डाळ, भाजी, दूध, फळे महाग असतील तर ताटाचा मोठा भाग गहू-तांदळानेच भरणार. पोट भरते, शरीराची गरज मात्र भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. याची कारणे अनेक आहेत, तरी त्यात ताटाचाही वाटा आहे, आणि सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईचे ताट तर आपण सर्वांनीच पाहिलेले आहे.

कारखान्याचा भोंगा आणि जेवणाचा डबा

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यापाठोपाठ लहानमोठे असंख्य उद्योग आले. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी येथे कामगारांची वस्ती वाढली. खेड्यातील शेतमजुराचा मुलगा पाळीचा कामगार झाला. यात त्याची उन्नती झाली, यात शंका नाही. पण त्याच्या जेवणाची वेळ आता सूर्य ठरवीत नव्हता, कारखान्याचे घड्याळ ठरवू लागले.

भाकरीचेच उदाहरण घेऊ. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ ताजे हवे. जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. गरम पाणी, मळण्याचा जोर, हाताचा अंदाज आणि तव्यावर पाणी फिरविण्याची नेमकी वेळ हे सारे साधावे लागते. एवढे करूनही भाकरी गरमच चांगली. डब्यात चार तास राहिली की कडक होते. चपाती मात्र तेल लावून घडी घातली की दुपारपर्यंत मऊ राहते. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराची पत्नी चपाती करते, तेव्हा ती परंपरेशी द्रोह करीत नसते. ती डब्याचा आणि घड्याळाचा विचार करीत असते.

रात्रपाळीचा प्रश्न आणखी गंभीर आहे. आपल्या शरीराला दिवस-रात्रीचे भान असते. मध्यरात्री खाल्लेल्या अन्नातील साखर शरीर दिवसाइतक्या सहजतेने हाताळू शकत नाही. त्यात झोप उडविण्यासाठी गोड चहा, बरोबर खारी किंवा फरसाण, सकाळी घरी परतताना वडापाव, आणि मग भर दिवसा अर्धवट झोप. अशी वर्षे गेली की चाळिशीच्या आत मधुमेह का गाठतो, याचे आश्चर्य वाटू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे.

एकाच खोलीत चौघे-पाच राहणाऱ्या तरुण कामगारांची स्थिती याहून बिकट असते. गॅस एक, भांडी मोजकी, पाण्याची वेळ ठरलेली, आणि स्वयंपाक शिकविणारे कोणी नाही. घरी बहिणीला चुलीपाशी बसविले गेले, त्याला कधीच नाही. अशा वेळी पाकिटातील नूडल्स आणि बिस्किटे यांचा आधार वाटतो. हे पदार्थ आपल्याला नकळत जास्त खायला लावतात. २०१९ साली केविन हॉल यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगात २० व्यक्तींना दोन आठवडे कारखान्यांत अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. वाढलेल्या अन्नातील साखर, मीठ, स्निग्धांश व तंतू यांचे प्रमाण सारखे राखूनही, अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात त्यांनी दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खाल्ल्या. तेव्हा दोष केवळ जिभेच्या लोभाचा नसतो, अन्न कसे तयार केले आहे याचाही असतो.

लाज आणि मान

अन्नाला प्रतिष्ठा चिकटलेली असते, आणि आपल्या समाजात ती जातीलाही चिकटलेली असते. 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील महार व मांग समाजांची खाद्यसंस्कृती नोंदवून ठेवली. जे पदार्थ पाककृतींच्या पुस्तकांत कधी आले नाहीत, ज्यांची नावे चारचौघांत घेण्यास माणसे कचरत, ते त्यांनी सन्मानाने लिहिले. आपल्या धर्मप्रांतातील पुष्कळ कुटुंबांच्या आजी-पणजींचे स्वयंपाकघर त्या पानांत ओळखता येईल. चतकोर अन्नातून चव निर्माण करणे, काहीही वाया न घालविणे, मांस वाळवून पावसाळ्यासाठी राखणे ही बुद्धीची व हातांची कला होती. परिस्थिती सुधारली तशी ती लाजेपोटी टाकून देण्यात आली. कायद्याचाही त्यात वाटा आहे. २०१५ पासून राज्यात गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातील एक स्वस्त मांसाहार नाहीसा झाला.

पोळी सणाची आणि भाकरी रोजची, अशी पूर्वी विभागणी होती. त्यामुळे रोज पोळी परवडणे ही प्रगतीची खूण मानली गेली. आता काळाने चक्र फिरविले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, डॉक्टर ज्वारी-बाजरी खाण्याचा सल्ला देतात, आणि चांगली शाळू ज्वारी गव्हापेक्षा स्वस्त मिळेलच असे राहिलेले नाही. गरिबांनी लाजून सोडलेले अन्न श्रीमंतांनी मानाने उचलले.

पवित्र शास्त्र काय सांगते?

योहानाच्या सहाव्या अध्यायातील मुलाजवळ पाच भाकरी होत्या, त्या जवाच्या होत्या. जव हे त्या देशी गरिबांचे धान्य. प्रभूने त्याच भाकरी हाती घेतल्या, उपकार मानले आणि हजारोंना तृप्त केले. कोणाच्याही अन्नाची लाज बाळगण्याचे कारण तेथेच संपते. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात यापो येथे पेत्राला झालेला दृष्टांतही हेच शिकवितो की, देवाने शुद्ध ठरविलेल्यास माणसाने अपवित्र म्हणू नये, अन्नासही नाही व माणसासही नाही.

योहानाच्याच एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या समुद्राकाठी कोळशाच्या विस्तवावर मासे व भाकर तयार ठेवून, रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारीस बोलावतो. रात्रपाळी करून आलेल्या कोळ्यांसाठी प्रभू स्वतः चूल पेटवितो! स्वयंपाक हे केवळ बायकांचे काम, असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती पुरुषाने हा उतारा सावकाश वाचावा. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीतही, आजारी किंवा अन्य महत्त्वाच्या कामात गुंतलेल्यांखेरीज कोणासही स्वयंपाकघरातील सेवेतून सूट नाही, कारण त्या सेवेने प्रीती वाढते, असे सांगितले आहे.

मग आपण काय करावे?

उपदेशाने सवयी बदलत नाहीत. परिस्थितीत लहानसा बदल केला तर त्या बदलण्यास वाव मिळतो. त्यासाठी आम्ही काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, मुलगा असो वा मुलगी, दहावी होईपर्यंत प्रत्येकाला वरण, भात, एक भाजी आणि भाकरी किंवा चपाती करता यावी. नोकरीसाठी घर सोडणाऱ्या मुलाला गादीइतकीच याचीही गरज असते.

दुसरी, भाकरी डब्यात जात नसेल तर ती रात्रीच्या जेवणात आणावी. रोज नको, आठवड्यातून तीन वेळा पुरे. पीठ थोडेथोडे दळून आणावे. वरण-आमटी किंवा उसळ रोज असावी. रेशनच्या गहू-तांदळाला कडधान्याची जोड मिळाली की ताट बरेच सुधारते.

तिसरी, रात्रपाळीच्या कामगाराने मुख्य जेवण पाळीला निघण्यापूर्वी घ्यावे, मध्यरात्री फुटाणे, शेंगदाणे किंवा ताक यांसारखे हलके खावे आणि चहातील साखर हळूहळू कमी करावी. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यात धरावे. मधुमेह असलेल्यांनी मात्र जेवणाच्या वेळा आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

चौथी, घरातील बाईने शेवटी व उरलेले खाण्याची रीत मोडावी. दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी एकत्र, एकाच वेळी, प्रार्थना करून घ्यावे. पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात जेवणाआधी व नंतर देवाचे आभार मानण्याच्या प्रथेचे स्मरण मुद्दाम करून दिले आहे. त्या क्षणी शेतकरी, हमाल, गिरणीवाला आणि चुलीपाशी उभी असलेली व्यक्ती या सर्वांची आठवण होते.

पाचवी गोष्ट उपवासाची. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार हे उपवासाचे दिवस आहेत. उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, तर मांसवर्जनाचा १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो. मटण टाळून तळलेल्या माशांची मेजवानी करणे म्हणजे 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. प्रायश्चित्तकाळात वाचलेले पैसे शेजारच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या कामगाराच्या जेवणासाठी खर्च झाले, तर त्या उपवासाला अर्थ येतो.

शेवटी धर्मग्रामांकडे एक विनंती. सणाच्या स्नेहभोजनात पनीर व पुलाव यांबरोबर आपल्या आजींच्या हातची भाकरी-आमटीही असू द्यावी, आणि त्या आजींना चार तरुणांनी मदत करीत ती शिकून घ्यावी. ज्यांचे हात आज साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्याकडून शिकण्याचा काळ मर्यादित आहे. प्रभूकडे रोजची भाकर मागणाऱ्यांनी ती करण्यास, वाटून खाण्यास आणि तिचा मान राखण्यास शिकावे, हीच आमची प्रार्थना.