जठरांत्रीय स्ट्रोमल अर्बुद

जठरांत्रीय स्ट्रोमल अर्बुद (संक्षेपात 'जिस्ट') हे पचनमार्गाच्या भिंतीत उद्भवणारे विरळ अर्बुद आहे. दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १० ते १५ नवे रुग्ण आढळतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत ते जठरात असते. जठराचा नेहमीचा कर्करोग आतील श्लेष्मल अस्तरात सुरू होतो, जिस्ट मात्र अस्तराखालच्या स्नायुस्तरात वाढते. निदानातील अडचण मुख्यतः यातूनच उद्भवते.

निदान

लहान अर्बुद बहुधा अन्य कारणाने केलेल्या तपासणीत योगायोगाने सापडते. मोठ्या अर्बुदावरील अस्तराला व्रण पडल्यास रक्तस्राव होऊन काळी शौच व रक्तक्षय ही लक्षणे दिसतात. एंडोस्कोपीत अनेकदा गुळगुळीत अस्तराखालचा फुगवटा तेवढा दिसतो. चिमट्याने घेतलेला तुकडा वरच्या अस्तराचाच असल्याने बायॉप्सीचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. तेवढ्यावरून जिस्ट नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडच्या साहाय्याने सुईने खोलवरचा नमुना घेतात. प्रसार पाहण्यासाठी सीटी स्कॅन करतात.

सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी स्नायुपेशींसारख्या दिसतात, त्यामुळे पूर्वी या अर्बुदांची गणना स्नायूंच्या अर्बुदांत होत असे. १९९८ मध्ये सेइची हिरोता व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी 'किट' जनुकातील उत्परिवर्तन हे याचे कारण असल्याचे दाखवले. आता सीडी-११७ व डॉग-१ या प्रथिनांच्या चाचण्यांनी ओळख पक्की होते.

उपचार

अर्बुद मर्यादित असल्यास शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. जिस्ट लसिकाग्रंथींत क्वचितच पसरते. म्हणून जठराच्या नेहमीच्या कर्करोगाप्रमाणे ग्रंथी सरसकट काढाव्या लागत नाहीत आणि बहुधा जठराचा थोडाच भाग काढून भागते. मात्र काढताना अर्बुद फुटल्यास रोग उलटण्याचा धोका बराच वाढतो. आकार, स्थान व पेशीविभाजनाचा वेग यांवरूनही हा धोका ठरवतात.

रूढ केमोथेरपीचा येथे फारसा उपयोग होत नाही. २००० साली फिनलंडमध्ये एका रुग्णावर इमॅटिनिबचा प्रयोग यशस्वी झाला आणि उपचारांची दिशा बदलली. प्रसार झालेल्या रोगात हे औषध सहसा रोज ४०० मिलिग्रॅम देतात. अधिक धोक्याच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे देतात. 'पीडीजीएफआरए' जनुकातील डी-८४२-व्ही या उत्परिवर्तनावर ते निष्प्रभ ठरते, तेथे ॲव्हाप्रिटिनिब वापरतात. त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वी जनुकचाचणी महत्त्वाची असते.

भारतात या औषधाच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळल्याने स्वस्त जेनेरिक इमॅटिनिबचा मार्ग खुला राहिला.