आयर्लंडच्या समुद्रकाठाने एक निवांत दिवस

आयर्लंडला जाणारे बहुतेक भारतीय पर्यटक डब्लिन बघतात, बसने मोहेरचे कडे गाठतात, फोटो काढतात आणि परततात. कडे सुंदरच आहेत, त्यात वाद नाही. पण हाताशी एकच मोकळा दिवस आणि भाड्याची गाडी असेल, तर मी नैर्ऋत्येच्या केरी परगण्यातला डिंगल द्वीपकल्पाचा फेरा सुचवेन. स्ले हेड ड्राइव्ह नावाचा हा वर्तुळाकार रस्ता जेमतेम 47 किलोमीटरचा आहे. न थांबता गेलात तर दीड तासात संपेल, पण तसं जाणाऱ्याने घरीच बसलेलं बरं. याला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ द्यायचा असतो.

आपल्यासाठी सोयीची गोष्ट म्हणजे इथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरमध्येच असतात. अडचण आहे ती रस्त्याच्या रुंदीची. काही वळणांवर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटका दगडी कठडा आणि खाली थेट अटलांटिक. म्हणून फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करायची पद्धत आहे. मोठ्या टुरिस्ट बसही त्याच दिशेने जातात, त्यामुळे समोरून बस येऊन मागे गाडी घेण्याची वेळ सहसा येत नाही. शिवाय डावीकडून चालवताना समुद्रही डावीकडेच राहतो.

डिंगल गाव सोडलं की पाट्या बदलतात. हा भाग 'गेलटाख्त', म्हणजे आयरिश भाषा रोजच्या बोलण्यात टिकून असलेला प्रदेश. इथल्या रस्त्यांवर गावांची नावं फक्त आयरिशमध्ये असतात. 2005 मध्ये सरकारने डिंगलचं अधिकृत नाव 'अन डँगन' केलं, तेव्हा पर्यटकांना गाव सापडणार कसं म्हणून गावकऱ्यांनीच विरोध केला होता. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'गो मॉल' असं वाचता येईल असे शब्द दिसले, तर मुलांना खरेदीची स्वप्नं पडू देऊ नका. आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'सावकाश जा' एवढाच आहे!

व्हेंट्रीचा शांत, लांबलचक किनारा मागे टाकला की फाहानजवळ मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या दगडी झोपड्या दिसू लागतात. चुना नाही, माती नाही, नुसते दगड एकावर एक किंचित आत सरकवत रचलेले. त्या शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीत आहेत, त्यामुळे काही युरो देऊन आत जावं लागतं. पुढे एका ठिकाणी डोंगरातला ओढा रस्त्यावरूनच वाहतो आणि गाडी पाण्यातून न्यावी लागते. पावसाळ्यातल्या रस्त्यांची सवय असलेल्या आपल्या मंडळींना त्याचं काही वाटत नाही.

उन्हाळ्यात रस्त्याकडेची कुंपणं फ्युशियाच्या लालजांभळ्या, लोंबत्या फुलांनी भरलेली असतात. हे झुडूप मूळचं इथलं नाही, बाहेरून आणलेलं. तरी आयरिश लोकांनी त्याला नाव दिलंय 'देवाचे अश्रू'.

स्ले हेडच्या वळणावर पांढरा क्रूस उभा आहे. तिथून पुढे कुमिनूलचा छोटा किनारा येतो. 1970 च्या 'रायन्स डॉटर' या डेव्हिड लीनच्या चित्रपटात तो आहे. पाणी निळंशार, मोहात पाडणारं. पण प्रवाह जोरदार आहेत, त्यामुळे पोहायचा विचारही करू नका आणि मुलांचा हात सोडू नका. शेजारचं डनमोर हेड हे आयर्लंडच्या मुख्य भूमीचं सर्वांत पश्चिमेचं टोक आहे.

समोर जी बेटं दिसतात, ती ब्लास्केट. इथे गाडी बंद करून थोडं थांबावं. सर्वांत मोठ्या बेटावर, ग्रेट ब्लास्केटवर, एके काळी दीडशेहून जास्त माणसं राहत होती. मासे, मेंढ्या, बटाटे आणि जळणासाठी पीट यावर त्यांचं जगणं चाले. बेटावर डॉक्टर नव्हता, चर्च नव्हतं, दुकान नव्हतं. तरुण मुलं एकेक करून अमेरिकेला जात राहिली, त्यातली बरीचशी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. 1946 च्या ख्रिसमसच्या सुमारास बेटावरचा एक तरुण मेनिंजायटिसने गेला. समुद्र इतका खवळलेला होता, की मदत पोहोचूच शकली नाही. पुढच्या वर्षी वादळात अडकलेल्या बेटकऱ्यांनी अन्न पाठवा, अशी तार थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना केली. अखेर सरकारने स्थलांतराचा निर्णय घेतला आणि 17 नोव्हेंबर 1953 रोजी बेट रिकामं करायला सुरुवात झाली. तेव्हा तिथे उरली होती फक्त 22 माणसं.

नवल असं, की एवढ्याशा वस्तीने आयरिश साहित्याला मोलाची पुस्तकं दिली. टोमास ओ क्रीहन या कोळ्याचं आत्मचरित्र 1929 मध्ये आलं. पेग सेयर्सने आपली कहाणी मुलाला सांगून लिहून घेतली आणि ते पुस्तक पुढे कित्येक वर्षं आयरिश शाळांमध्ये सक्तीने वाचावं लागलं. त्यामुळे एका पिढीला तिचं नाव काढलं तरी कंटाळा येतो! डन क्विन गावातल्या ब्लास्केट सेंटरमध्ये हे सगळं नीट मांडलंय. माझ्या मते या फेऱ्यातला किमान एक तास त्याच्यासाठी राखून ठेवावा. काचेच्या मोठ्या खिडकीतून समोर ते बेट दिसतं, छप्पर उडालेल्या घरांसकट. हवा चांगली असेल तर उन्हाळ्यात बोटीने तिथे जाताही येतं. पण मग एक दिवस पुरणार नाही.

क्लॉहर हेडवरून उत्तरेकडचं बेट पाठीवर झोपलेल्या माणसासारखं दिसतं. इंग्रजीत त्याला 'झोपलेला राक्षस' म्हणतात, तर आयरिशमध्ये सरळ 'मेलेला माणूस'. जवळच्या सिबिल हेडवर 'स्टार वॉर्स : द लास्ट जेडाय'चं चित्रीकरण झालं होतं, ही माहिती गाडीतल्या कंटाळलेल्या मुलांसाठी राखून ठेवा.

शेवटचा मोठा थांबा गॅलरस. उलट्या ठेवलेल्या होडीसारखं हे दगडी प्रार्थनाघर. ते नेमकं कोणत्या शतकातलं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण शेकडो वर्षांच्या पावसात ते आजही आतून कोरडं आहे. मागच्या भिंतीला टीचभर खिडकी आहे. तिच्यातून बाहेर पडणाऱ्याला स्वर्ग मिळतो, अशी दंतकथा आहे. खिडकीचा आकार बघितला की स्वर्गात गर्दी का नसेल, ते कळतं.

तयारीचं थोडं. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा व्हिसा काढावा लागतो. भारतीय लायसन्सबद्दल गाडी देणाऱ्या कंपनीचे नियम आधीच विचारून घ्या. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला, जूनमध्ये तर रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तरी पावसाचं जॅकेट हवंच, छत्री वाऱ्यात टिकत नाही. शाकाहारींना भाज्यांचं सूप, ब्राऊन ब्रेड आणि स्कोन सहज मिळतात. गप्पांची सुरुवात करायला लिओ वराडकरांचं नाव पुरतं. दोनदा पंतप्रधान झालेल्या या नेत्याचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे सांगितलंत की समोरचा खुर्ची ओढून बसतो.

संध्याकाळी डिंगलमध्ये परतल्यावर लगेच खोलीत जाऊ नका. इथे एक पब असा आहे, की एका बाजूच्या काउंटरवर खिळे-हातोड्या विकायला ठेवलेल्या असतात आणि दुसऱ्या बाजूला पेयं. कित्येक पबमध्ये संध्याकाळी फिडल आणि बासरी घेऊन वादक जमतात, तिकीट वगैरे काही नसतं. आईवडील सोबत असतील तर लहान मुलांनाही रात्री नऊपर्यंत आणि मे ते सप्टेंबरमध्ये दहापर्यंत आत बसता येतं. जागा हवी असेल तर थोडं लवकरच जा.