घारापुरीचा हत्ती आणि एकसरचे वीरगळ

बोरिवलीच्या एकसर गांवांतले वीरगळ पाहून परततांना माझ्या एका स्नेह्यांनीं सुचविलें कीं, भोंवतीं वस्ती इतकी दाटली आहे, तर या शिळा उचलून एखाद्या चांगल्या उद्यानांत ठेवाव्या. लोक पाहतील तरी. सूचना सद्हेतूची होती. मला मात्र भायखळ्याचा हत्ती आठवला.

राणीच्या बागेशीं, म्हणजे हल्लींच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाशीं, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत एक काळा पाषाणाचा हत्ती उभा आहे. शिक्षक असतांना मी मुलांना तेथें नेत असें. मुलें जिवंत जनावरें पाहावयास धांवत आणि याच्याकडे पाठ फिरवीत. हा हत्ती घारापुरीचा. एकाच खडकांतून कोरलेला, सुमारें 13 फूट लांब. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनीं बेटास एलिफंटा हें नांव दिलें. त्याच्या पाठीवर एक लहानसा प्राणी होता. कोणी प्रवाशानें त्याला हत्तीचें पिल्लूं म्हटलें, कोणी वाघ. 1814 सालीं हत्तीची मान व मस्तक गळून पडलें. पुढें 1864 सालीं त्याला इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना यारीची साखळी तुटली, मूर्तीचे तुकडे झाले आणि ते बागेंत आणून ठेवण्यांत आले. ते सांधून हत्ती पुन्हां उभा केला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत. तो मुंबईंत राहिला हें त्या तुटलेल्या साखळीचेंच देणें म्हणावयाचें!

पाषाण वांचला, याचा आनंद मलाहि आहे. परंतु बेटावर उतरणारा प्रवासी आज नांव ऐकतो आणि हत्ती कोठें म्हणून विचारतो.

वीरगळांची गोष्ट याहून नाजूक. वीरगळ म्हणजे लढतां लढतां पडलेल्या वीराचें स्मारक. खालच्या पट्टींत युद्ध, वर स्वर्गारोहण व देवपूजा. एकसरच्या कांहीं शिळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेलीं गलबतें कोरलीं आहेत. तेराव्या शतकांत शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्यांत झालेल्या समुद्रयुद्धाचें हें चित्र असावें, असें एक मत आहे. कोणी या शिळा त्याहूनहि जुन्या मानतात. हा वाद सोडवावयाचा तर शिळा, गांव आणि पश्चिमेची खाडी हीं एकत्रच वाचावीं लागतील. उद्यानांतल्या कारंज्याशेजारीं तीं गलबतें कोणत्या पाण्यावर चालावीं?

मी म्हटलें, शिळा हालवूं नयेत. तेथेंच नीट कुंपण व फलक असावा. स्नेही म्हणाले, पण गल्लींतून वाट काढीत पाहावयास येणार कोण? येत्या रविवारीं माझे दोघे नातू येणार आहेत.