वही सगळ्यांची, खाते कुणाचे?

परीक्षा जवळ आली की कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे एकाच मुलीच्या वहीच्या प्रतींवर प्रती निघतात. अक्षर सुवाच्य आणि तासाला दांडी नाही, हा तिचा गुन्हा. हल्ली वहीऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फिरते, एवढाच फरक. तिने एखादे सूत्र चुकीचे उतरवले असेल, तर ते अख्ख्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांत इमानेइतबारे उमटते. गूगल डॉक्स, वननोट, नोशन यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र वही एकच राहते. सगळे तिच्यातच लिहितात आणि ज्याला चूक दिसेल तो ती तिथल्या तिथे सुधारतो.

ही सोय सहजासहजी आलेली नाही. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्यासोबत एकाच मजकुरावर काम करून दाखवले. माउसही त्याच प्रात्यक्षिकात होता. पण दोघांनी एकाच क्षणी लिहिले तर काय, हा पेच पुढे बरीच वर्षे पुरला.

समजा, प्रकल्पाच्या वहीत ‘मातीचा नमुना भट्टीत ठेवला’ असे वाक्य आहे. एकीने दुसऱ्या शब्दानंतर ‘रात्रभर’ घातले. नेमके तेव्हाच दुसऱ्याने चौथा शब्द, म्हणजे ‘ठेवला’, खोडला. संगणकाने हे हुकूम आले तसे पाळले, तर ‘रात्रभर’ आल्यामुळे चौथ्या जागी सरकलेला ‘भट्टीत’ उडेल आणि ‘ठेवला’ तसाच राहील. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी 1989 साली यावर तोड सुचवली. आधी काय बदलले ते पाहून नंतरचा हुकूमच बदलून घ्यायचा, इथे ‘चौथा’चा ‘पाचवा’ करायचा. गूगल डॉक्स याच तत्त्वावर चालते. 2011 च्या सुमारास मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःची कायमची ओळख देता येते. मग मध्ये निवाडा करणारा सर्व्हर नसला तरी चालते. नेट नसताना लिहिलेले नंतर जुळवायला ही पद्धत फार सोयीची.

विद्यापीठांना हे शिस्तीत बसवून हवे असते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने 2014 साली वननोटमध्ये वर्गाची वही आणली. तिचे तीन भाग असतात. एकात शिक्षक साहित्य ठेवतात आणि मुले ते फक्त वाचतात. दुसऱ्यात सगळे मिळून लिहितात. तिसरा प्रत्येकाचा खासगी, तो फक्त त्याला आणि शिक्षकांना दिसतो. मला यातला तिसरा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. चाळीस जणांसमोर अर्धवट विचार लिहायला कुणीच धजत नाही.

शिवाय कोणी काय, केव्हा लिहिले याचा इतिहास ही सॉफ्टवेअरे जपून ठेवतात. गटप्रकल्पात एकाने राबायचे आणि चौघांनी सही ठोकायची, या जुन्या दुखण्यावर काही शिक्षकांना हा रामबाण वाटतो. तसा तो नाही. आपल्याकडे एका लॅपटॉपभोवती चौघे बसतात, तिघे बोलतात आणि एक टाइप करतो. इतिहासात नाव येते टाइप करणाऱ्याचे. त्यावरून गुण द्यायचे म्हणजे प्रयोगशाळेत दिवसभर उभ्या राहिलेल्या मुलीला शून्य.

टाइप केलेले डोक्यात राहत नाही, हा आक्षेपही नेहमीचा. पाम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या 2014 च्या अभ्यासात हाताने लिहिणारे संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले होते. 2021 मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला. टाइप करणारे शब्दन् शब्द उतरवतात हे तेव्हाही दिसले, पण चाचणीतला तो फरक काही आढळला नाही. तेव्हा कुणाची वही हिसकावून लॅपटॉप हाती द्यायची गरज नाही, आणि उलटही नाही. तासाला हाताने लिहावे आणि संध्याकाळी समाईक वहीत चढवावे. चढवताना काय कळले नव्हते ते कळते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली टिपणे समाईक वहीत चिकटवली की रोमन अक्षरांचा चिवडा होतो, कारण त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवलेले असतात. अशा मजकुरात ‘शिवकालीन महसूल’ शोधून काही हाती लागत नाही. पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी युनिकोडच वापरायचे, असे गटाने ठरवून टाकावे.

खरा धोका मात्र शेवटी येतो. विद्यापीठाच्या ईमेलवर उघडलेली वही विद्यापीठाच्या खात्यात असते. 2022 पासून गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा देणे थांबवले आणि संपूर्ण संस्थेला मिळून 100 टेराबाइट ही मूळ मर्यादा घातली. जागा मोजून मिळू लागल्यावर बाहेर पडलेल्यांची खाती आधी आवळली जाणार, हे उघड आहे. खाते गेले की त्यातले टिपणही गेले, आणि वही त्याच्या नावावर असेल तर मागे राहिलेल्या मुलांचीही गेली. म्हणून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी निकालाची वाट पाहू नये. वहीची मालकी धाकट्या वर्गातल्या कुणाकडे तरी सोपवावी आणि एक प्रत उतरवून स्वतःजवळ ठेवावी. गूगलच्या खात्यात टेकआउट नावाची सोय याचसाठी आहे; संस्थेने ती बंद ठेवली असेल, तर विभागात आजच विचारून घ्या.