संशोधन संस्थांना 'जेम'मधून सूट मिळाली, त्याचा आपल्या होडीशी काय संबंध?



सरकारी खरेदीचा नियम बदलला, तर मच्छीमाराने तो कशाला वाचायचा, असे कोणालाही वाटेल. पण हा बदल आपल्या रोजच्या उपयोगाच्या संस्थांना लागू होतो, म्हणून सोप्या भाषेत सांगतो.

आधीचा नियम काय?

केंद्र सरकारची खाती आणि संस्था आपली खरेदी 'जेम' नावाच्या सरकारी पोर्टलवरून करतात. हे पोर्टल ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले. मग २०१७ च्या वित्तीय नियमांनी बंधन घातले की जी वस्तू जेमवर मिळते ती तिथूनच घ्यायची. हेतू चांगलाच होता. भाव सगळ्यांना दिसतो, ओळखीच्या दुकानदाराला परस्पर ऑर्डर देणे कठीण होते, लहान विक्रेत्यालाही संधी मिळते. खुर्च्या, पंखे, कागद अशा मालाला ही पद्धत एकदम योग्य.

अडचण येते ती शास्त्रीय उपकरणांना. आपलेच उदाहरण घ्या. जाळे घेताना आपण नुसता किलोचा भाव बघतो का? आस केवढा, धागा किती जाड, बांगड्यासाठी पाहिजे की सुरमईसाठी, हे आधी बघतो. स्वस्त म्हणून भलतेच जाळे घेतले तर त्यात मासा लागत नाही, आणि फुकट गेलेले डिझेल कोणी भरून देत नाही. प्रयोगशाळेतही तसेच. कागदावर दोन यंत्रे सारखी दिसतात, पण एकाचे मोजमाप भरवशाचे असते, दुसऱ्याचे नसते. नियम मात्र अटींत बसणाऱ्या सगळ्यात स्वस्त मालाकडे ढकलतो.

५ जून २०२५ ला काय बदलले?

आपली मासेमारी बंदी सुरू होऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांसाठी नवा आदेश काढला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

• संशोधनाला लागणारी उपकरणे, रसायने आणि इतर साहित्य जेमच्या बाहेरून घेण्याचा अधिकार संस्थेच्या संचालकाला किंवा विद्यापीठाच्या कुलगुरूंना मिळाला.
• कोटेशन न मागवता थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये झाली.
• खरेदी समितीमार्फत घेण्याची मर्यादा १० लाखांवरून २५ लाख झाली.
• २०० कोटी रुपयांपर्यंतच्या जागतिक निविदेला मंजुरी देण्याचा अधिकारही संस्थेच्या प्रमुखाकडे आला.

लक्षात घ्या, ही सूट फक्त संशोधनाच्या सामानाला आहे. त्याच संस्थेला ऑफिसची टेबले घ्यायची असतील तर जुनाच नियम.

ह्यात आपल्या कुठल्या संस्था येतात?

हैदराबादची 'इन्कॉइस' भूविज्ञान मंत्रालयाखाली येते. मोबाईलवर लाटांचा इशारा येतो, मासळी कुठे सापडेल त्याचा अंदाज येतो, तो तिथूनच. कोचीच्या 'सीएमएफआरआय' आणि 'सीआयएफटी' ह्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या. पहिली समुद्रातल्या मासळीचा अभ्यास करते, दुसरी जाळी आणि मासळी टिकवण्याच्या पद्धतींवर काम करते. आणि आपल्या दोनापावलाची एनआयओ सीएसआयआरची. ह्या सगळ्यांना हा आदेश लागू होतो.

आपल्याला फरक काय पडतो?

समुद्र टेंडरसाठी थांबत नाही. पावसाळ्यात तारल्यांच्या पोटात गाबोळी आहे की नाही हे त्याच दिवसांत तपासावे लागते. त्यासाठीचे रसायन दिवाळीला पोचले तर ते वर्ष गेले, पुढच्या वर्षाची वाट बघा. लाटा मोजणाऱ्या बोयाचा एखादा भाग निकामी झाला आणि तो बदलायला सहा महिने लागले, तर तेवढे दिवस त्या जागेवरचे खरे मोजमाप हाती येणार नाही. इशाऱ्यावर भरवसा ठेवून होडी किनाऱ्याला बांधून ठेवणारा माणूस एक दिवसाची कमाई सोडतो, आणि न ठेवणारा जीव धोक्यात घालतो. म्हणून ते यंत्र बरोबर असणे ही आपल्या घरची गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. सूट म्हणजे मोकळे रान नव्हे. जेम नाही म्हटल्यावर मर्जीतल्या पुरवठादाराला चढा भाव देण्याचा धोका परत येतो. पैसा जनतेचाच आहे, हिशेब तपासणी राहणारच आणि राहिलीच पाहिजे. संचालकाने सही केली तर उत्तरही त्यानेच द्यायचे.

माझे स्पष्ट मत, हा बदल योग्य आहे. ज्याला यंत्र वापरायचे आहे त्यालाच ते निवडू दे. पण आता 'खरेदी अडकली आहे' हे कारण पूर्वीइतके चालणार नाही. ह्या संस्थांचे लोक जेटीवर नमुने घ्यायला किंवा सभेला येतात तेव्हा त्यांना मासळी दाखवा, माहिती द्या, आणि दोन प्रश्नही विचारा: आपल्या किनाऱ्यासमोर मोजमाप कुठे होते, आणि त्याचा निष्कर्ष आमच्यापर्यंत कधी पोचतो?

एक खुलासा. हा आदेश आपल्या सहकारी संस्थेला लागू नाही. आपली खरेदी आपल्या पोटनियमांप्रमाणे आणि समितीच्या ठरावानेच होणार.

कोणाला इन्कॉइसचे इशारे मोबाईलवर येत नसतील त्यांनी ऑफिसात यावे, चालू करून देऊ. होडीच्या तांडेलालाही सोबत आणा, इशारा बघून निर्णय शेवटी त्यालाच घ्यायचा असतो.

– सचिव